सासूबाई उठल्या की पेपर संपला

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि ज्यांच्या कापडाच्या दुकानावरच्या या हॉलमध्ये आपला वर्ग भरतो, ते आदरणीय मारोतरावजी. निवृत्त मुख्याध्यापिका आणि आजच्या प्रमुख पाहुण्या, सन्माननीय सुभद्राताई. व्यासपीठावर विराजमान झालेले मंडळाचे पदाधिकारी. समोर बसलेले माझे विद्यार्थी, ज्यांच्यातल्या काहींना हजेरी घेताना मी अजूनही चुकून 'काका' म्हणतो. त्यांचे यजमान, सौभाग्यवती, लेकरं, नातवंडं, आणि पारशिवनीहून सकाळच्या बसनं निघून इथवर आलेली पाहुणे मंडळी, आपणा सर्वांना या रुपराव मास्तराचा नमस्कार.

आयोजकांनी मला थोडक्यात बोला असं बजावलं आहे. मास्तराला थोडक्यात बोला म्हणणं म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगणं. घंटा वाजेपर्यंत थांबायचं नाही, ही आयुष्यभराची खोड आहे. तरी प्रयत्न करतो.

शाळा-कॉलेजातले निरोप समारंभ आपण सर्वांनी पाहिले आहेत. पोरी रडतात, पोरं एकमेकांच्या शर्टांवर सह्या करतात. आपल्याकडे आज सकाळपासून एकही माणूस रडलेला नाही. उलट तीन विद्यार्थिनींनी मला विचारलं, "सर, चारपर्यंत आटपते ना? दूध काढाले जा लागते." मग आपण निरोप तरी कशाला देतो आहोत? हा प्रश्न मला काल पडला आणि त्याचं उत्तर शोधता शोधता मी एका गोष्टीपाशी येऊन थांबलो. ती सांगायची परवानगी मी संबंधितांकडून घेतली आहे. नाहीतर आजकाल मास्तराचं काही खरं नाही.

आपला हा बारावीचा वर्ग. लग्नामुळं, घरच्या अडचणींमुळं किंवा कुणी फुकट दिलेल्या सल्ल्यामुळं ज्यांचं शिक्षण मधेच राहिलं, त्यांच्यासाठीचा. आठवडाभर दुपारी मोबाईलवर आणि रविवारी इथं, गांधीबागेच्या कापडबाजारात. खरं सांगतो, मोबाईलवरच्या शिकवण्यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. फळा नाही, खडू नाही, कान धरायला कान नाही. सीताबर्डीला मोबाईल कव्हरचा ठेला लावणारे आपले जितेंद्र ठेल्यावरूनच वर्गात यायचे. मी अर्थशास्त्रातली मागणी समजावून सांगतोय आणि हे मधेच म्हणणार, "सर, जरा थांबा, गिऱ्हाईक आलं." मागणी म्हणजे काय, ते बाकीच्या वर्गाला त्यातून जास्त चांगलं कळलं, हे मला मान्य करावं लागेल.

याच वर्गात पारशिवनीजवळच्या एका गावातून दोघी जणी यायच्या. एकच मोबाईल, त्यात अर्ध्या पडद्यावर सासूबाई यमुताई आणि उरलेल्या पडद्यावर सून दिपालीचं कोपर. त्या समोरच बसल्या आहेत. दिपाली, मान वर करा. इथं आता कोणी प्रश्न विचारत नाही.

खरी विद्यार्थिनी दिपाली. दहावी चांगल्या गुणांनी पास, अकरावीत असताना लग्न झालं आणि पुस्तकं माहेरीच राहिली. गावच्या अंगणवाडी सेविका निवृत्त होणार होत्या. ती जागा गावातल्याच बाईला मिळते, आणि यादी लागते ती बारावीच्या गुणांवर. नुसतं पास होऊन भागणार नव्हतं, गुण पाहिजे होते. लग्नानंतर या मुलीनं स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट होती. प्रवेशाच्या दिवशी सासूबाई सोबतीला आल्या. बोलता बोलता कळलं की त्याही त्यांच्या काळात मॅट्रिक झालेल्या. मी सहज म्हणालो, मग तुम्हीच का नाही बसत? त्या म्हणाल्या, "घ्या मलेबी. नाही तरी ही एकटी काय बोलन?" झालं. सोबतीला आलेली बाई वर्गाची मॉनिटर होऊन बसली.

आणि मॉनिटर म्हणजे कशी? मी प्रश्न विचारला की उत्तर यमुताईंचं. बरोबर असो की चूक, आवाज मात्र ठणठणीत. दिपालीनं तोंड उघडलं तर शपथ. मला वाटलं, पोरगी हुशार असेल पण लाजाळू आहे, पेपरमध्ये दाखवेल.

मग सराव परीक्षा झाली, याच हॉलमध्ये. दिपालीचा पेपर पाहून मी चक्रावलो. पहिली पानं मोत्यासारखी. एकही चूक सापडत नव्हती. आणि मग एका वाक्याच्या मध्यावर पेपर तुटलेला. पुढं सगळं कोरं. दुसरा पेपर तसाच, तिसराही तसाच. उत्तर येत नसेल तर माणूस प्रश्न सोडतो, पण वाक्य अर्धं कोण सोडतं?

पुढच्या रविवारी मी तिला बाजूला घेऊन कोऱ्या राहिलेल्या प्रश्नांची उत्तरं तोंडी विचारली. सगळी घडाघडा सांगितली. मी जरा चिडूनच म्हणालो, "मग लिहिलं काहून नाही?" ती माझ्याकडं असं बघायला लागली, की एवढी साधी गोष्ट मास्तरला कशी कळत नाही.

"सर, आत्याबाई उठल्या ना," ती म्हणाली. सासूबाईंना ती आत्याबाई म्हणते. "त्या उभ्या राहिल्यावर मी बसून कशी राहू?"

सभागृहातल्या माताभगिनी हसताहेत, पण निम्म्याच हसताहेत. उरलेल्या निम्म्यांना ती काय म्हणाली ते चांगलं ठाऊक आहे. सासू उभी असताना सुनेनं बसायचं नाही, ही आपल्याकडची रीत. स्वयंपाकघरात, अंगणात, लग्नाच्या मांडवात. पण परीक्षेच्या बाकावर? यमुताईंचे गुडघे दुखतात, येईल तेवढं लिहायचं आणि उठायचं, हा त्यांचा खाक्या. त्या उठल्या की इकडं दिपाली उठली. पेपर संपला.

मी तिला समजावलं. परीक्षेत कसली आली सासू न् कसली सून, तिथं सगळे सारखे. ती म्हणाली, "समजते सर. पण पाय ऐकतच नाही. उठल्यावर ध्यानात येते का आपण उठलो म्हणून." आणि मला शपथ घातली की हे आत्याबाईंना सांगायचं नाही. त्यांना वाईट वाटेल. आता सांगा, मास्तरानं काय करावं? दोघींचं आडनाव एक, म्हणजे बोर्डाच्या परीक्षेतही बैठक क्रमांक लागोपाठ, खोली एकच. मी अप्रत्यक्ष प्रयत्न करून पाहिला. यमुताईंना म्हणालो, ताई, शेवटच्या घंटेपर्यंत बसायची सवय करा. त्यांनी मला उडवून लावलं, "येत नाही तं काय लिहू? रिकामं बसून तिथं कापूस वेचू काय?"

तर अशा अवस्थेत बोर्डाची परीक्षा आली. पहिला पेपर इंग्रजीचा. पुढं काय झालं ते मला यमुताईंनी त्याच संध्याकाळी फोनवर सांगितलं.

यमुताईंचं इंग्रजी लवकर आटोपलं. त्या उठल्या. पर्यवेक्षक बाईंना पेपर द्यायला वळल्या तर मागच्या बाकावरची दिपाली उभी. हातात उघडं पेन. यमुताईंना वाटलं, हिला काही पाहिजे असेल, पाणीबिणी. पण ती कुणाकडंच बघत नव्हती. तिचे डोळे पेपरावर होते, म्हणजे पोरगी उभी होती पण मन अजून लिहीत होतं. यमुताई खाली बसल्या. दिपाली बसली आणि लिहायला लागली. यमुताई पुन्हा उठल्या. दिपाली पुन्हा उठली. एव्हाना पर्यवेक्षक बाई धावत आल्या. त्यांना वाटलं, सासूसुनांची कॉपीची काहीतरी नवीनच तऱ्हा निघाली. "आजी, झालं असेल तर पेपर द्या आणि जा."

यमुताई मला म्हणाल्या, "सर, तवा माह्या डोक्यात उजेड पडला. सरावाच्या पेपरात ही माह्या मागं मागं काहून बाहीर येत होती ते. म्या तं इले जिंदगीत कधी म्हटलं नाही का मी उठली का तूही ऊठ. माह्या सासूनंही मले कधी म्हटलं नव्हतं. तरी मी उठतच होती ना."

पर्यवेक्षक बाईंना त्यांनी उत्तर दिलं, "राहू द्या बाई, मी आठवून राहिली." आणि बसल्या. शेवटच्या घंटेपर्यंत बसल्या. आठवण्यासारखं काही नव्हतंच, म्हणून त्यांनी प्रश्नपत्रिका जशीच्या तशी उत्तरपत्रिकेत उतरवून काढली. मागं पेनाचा आवाज चालू होता, तोवर त्या हलल्या नाहीत.

बाहेर आल्यावर दिपालीनं मान खाली घातली. तिला कळलं होतं की सासूबाईंना कळलं आहे. यमुताई एवढंच म्हणाल्या, "उद्यापासून मी उठत नाही. तू लिही वं, पोरी."

मी ही गोष्ट सांगायची परवानगी मागितली तेव्हा यमुताईंनी एक अट घातली. "सांगा सर, पण मले देवीबिवी करू नका. माहे गुडघे ठणकत होते अन् मी मनातल्या मनात साऱ्याइले शिव्या देऊन राहिली होती. तुम्हालेबी." म्हणून मी त्यांना देवी म्हणत नाही. पण मित्रहो, एक गोष्ट सांगितली नाही तर मी खोटारडा ठरेन. इतकी वर्षं मी वर्गात कितीतरी मुलांना 'बसा' म्हणालो. त्या एका शब्दासाठी एखादी बाई जन्मभर थांबलेली असू शकते, हे मला या दोघींनी शिकवलं.

निकाल तुम्हाला ठाऊक आहे. दिपाली आपल्या वर्गात पहिली. अंगणवाडीच्या यादीतही तिचंच नाव वर आहे, आणि येत्या सोमवारी ती तिथं रुजू होते आहे. ही टाळी आत्ता वाजवलीत तरी चालेल.

आणि यमुताई? बाकीच्या पेपरांना रिकामं बसवेना म्हणून त्या लिहीत गेल्या, आणि बसल्या बसल्या त्यांना आठवत गेलं. सगळे विषय सुटले. इंग्रजी मात्र राहिलं. पेपर तपासणाऱ्याला प्रश्नांखाली प्रश्नच सापडले, तो बिचारा गुण कशाचे देणार?

तर निरोप कशाला, याचं माझ्यापुरतं उत्तर मला मिळालं आहे. आपण इथं कुणाला घरी पाठवत नाही, ही मंडळी घरीच होती. घरात ज्याच्या त्याच्या वाट्याला आलेली एक उभं राहायची जागा असते, तिला हा निरोप आहे. हे वाक्य जरा भाषणबाज झालं, पण हारतुऱ्यांच्या समारंभात एवढं चालतं.

आता आभार. मारोतरावजींनी हॉल दिला, वर पंखे लावून दिले आणि वर्ग चालू असताना खाली गिऱ्हाइकांना हळू बोलायला लावलं, यासाठी त्यांचा मी ऋणी आहे. सुभद्राताई वेळात वेळ काढून आल्या. ज्या यजमानांनी रविवारी लेकरं सांभाळली, त्यांचे आभार त्यांच्या सौभाग्यवतींनी घरी मानावेत, माझ्याच्यानं ते व्हायचं नाही.

यमुताईंचा राहिलेला पेपर पुढच्या महिन्यात आहे. दिपाली रोज संध्याकाळी त्यांचं इंग्रजी घेते. सासूबाई पाट घेऊन बसतात आणि सून शिकवते, तीही बसूनच. परवा मी यमुताईंना विचारलं, ताई, या वेळी खोलीत तुम्ही एकट्याच. मागं कोणी नाही. पेपर अवघड वाटला आणि गुडघे दुखायला लागले, तर उठाल काय?

त्या म्हणाल्या, "मागच्या बारीले सुनेचं लिहून व्हायचं होतं, म्हणून बसून होती. आता माहं लिहून व्हायचं आहे."

बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाची थट्टा जास्त झाली असेल, तर म्हातारा मास्तर समजून पोटात घाला. मी आपली रजा घेतो. नमस्कार.