दिसत नसेल तर टोचतं

आणि वर मलाच विचारतो, "बाबा, दिसतंय का?" आता काय सांगू? दिसतंय! आंधळ्यालासुद्धा दिसेल! शर्टाखाली शहाळं लपवून बागेतून पळ काढल्यासारखा दिसतोयस, असं सांगितलं की हा आत जातो, कुरकुरत काहीतरी वरखाली करतो, पुन्हा बाहेर येतो, आणि खरंच, आता काही म्हणजे काही दिसत नाही... पण चालतो कसा? एका कुशीवर कलून, तोंड कडू कारल्यासारखं करून! "काय रे, आता काय झालं?" "बाबा, टोचतंय." संपलं! तुम्हाला सांगतो, सबंध उन्हाळा आमच्या घरात दुसरा विषय नाही. टोचत नसेल तर दिसतं, आणि दिसत नसेल तर टोचतं!

हां, तुम्हाला वाटेल, हा म्हातारा कशाबद्दल बोलतोय. पिस्तुलाबद्दल हो! आमचे चिरंजीव परीक्षित, अमेरिकेत मिशिगनमधल्या नोव्हायला राहतात, मोटारींच्या कंपनीत इंजिनियर, झुरळ दिसलं तर खुर्चीवर चढणारा मुलगा, त्यानं पिस्तूल घेतलं! का? तर पलीकडच्या गल्लीत राजीवकडे चोरी झाली. चोरांना म्हणे पक्कं ठाऊक, देशी माणसाच्या घरात सोनं असतं, आणि कुठे असतं तेही ठाऊक... तांदळाच्या डब्यात! झालं. यानं क्लास केला, परमिट काढलं, सगळं कायदेशीर. आणि मी? मी पाटबंधारे खात्यातला रिटायर्ड कारकून! अख्ख्या नोकरीत फायली शिवायच्या दाभणापलीकडे शस्त्राला हात लावला नाही. पण मला विचारतो कोण?

बरं, पिस्तूल घेणं सोपं. अर्ध्या तासात घेतलं. खरी गंमत पुढेच. ते कमरेला लावायचं म्हणजे होल्स्टर पाहिजे. म्यानच ते, दुसरं काय! आणि ते कपड्यांच्या आत असं बसलं पाहिजे की कुणाला पत्ता लागता कामा नये. दुकानात मलाही नेलं. तिथला दाढीवाला, दंडावर गरुड गोंदवलेला, असा गोड बोलतो की गिऱ्हाईक साडी घ्यायला आलंय असं वाटावं! "एव्हरीबॉडी इज डिफरंट, सर! कम्फर्ट फर्स्ट!" आणि काउंटरवर घडी उलगडावी तशी एकेक होल्स्टर मांडतोय. हे बघा पॅन्टच्या आत, उजव्या कुशीवर. हे पोटावर, बेंबीच्या खाली. हे खांद्याला अडकवायचं, काखेत. हे घोट्याला. हे चामड्याचं, मऊ, पण घाम पितं. हे प्लॅस्टिकचं, टणक, घाम पीत नाही पण जीव घेतं... म्हणजे टोचतं!

परीक्षितनं एकेक करून सगळी घेतली. कुशीवरचं लावलं, गाडीत बसला, सीटबेल्ट आणि पिस्तूल दोघांचं एकाच जागेवरून भांडण. पोटावरचं लावलं, तर आमच्या चिरंजीवांचं पोट हे काही रिकामं मैदान नाही, तिथे आधीच आमच्या सुनेच्या, रेणूच्या हातच्या पुरणपोळ्यांची वस्ती आहे! उभा असला की ठीक, बसला की "आई गं!" काखेतलं लावलं, तर भर जुलैत अंगावर जॅकेट. शेजारची गोरी बाई रेणूला विचारते, "इज ही ओके?" घोट्याला लावलं, तर मोजा वर चढवायला सारखा खाली वाकलेला, ऑफिसात लोक समजले याचं काहीतरी हरवलंय. त्यात पॅन्ट्स एक साइज मोठ्या घेतल्या, पिस्तूल काढून ठेवलं की पॅन्ट घसरते! कपाटात होल्स्टरांचा एक खण झाला. लग्नात आलेल्या भिंतीवरच्या घड्याळांसारखा. टाकवत नाहीत, वापरवत नाहीत. टोचत नसेल तर दिसतं, आणि दिसत नसेल तर टोचतं!

मी म्हणायचो, असू दे, आपलं काय जातंय? पण तुम्हाला सांगतो, जायची वेळ आलीच. आमची अबोली, परीक्षितची धाकटी बहीण, शिकागोला नोकरी करते, तिथल्याच अंकुरशी तिचं जमलं. मुलगा लाखात एक. पण त्याचे वडील, शैलेंद्रराव! अमेरिकेत आयुष्य गेलं, पण वरपक्षाचा ताठा कस्टममधून जसाच्या तसा आणलेला. लग्न शिकागोलाच, हॉटेल आम्ही सांगू तेच, पाहुणे आमचे किती ते विचारायचं नाही, आणि वरात घोड्यावरून! अबोलीला हवं होतं इथल्या देवळातलं छोटंसं लग्न. दोनदा बोलणी झाली, दोनदा घोड्यापाशी अडली. तिसऱ्यांदा ते आमच्याकडे यायचे ठरले, तेव्हा पोरीनं फोनवर सांगितलं, "बाबा, धिस इज द लास्ट टाइम. या वेळी बिघडलं तर मी आणि अंकुर कोर्टात जाऊन सह्या करणार. मग नो अंतरपाट, नो अक्षता, नथिंग!" अहो, एकुलती एक मुलगी. तिच्या डोक्यावर दोन अक्षता टाकायच्या, एवढंच तर मागणं होतं माझं या देशाकडे!

म्हटलं, परीक्षित, राजा, त्या दिवशी तेवढं ते कपाटात ठेव. तर म्हणतो, "एव्हरीडे कॅरी म्हणजे एव्हरीडे, बाबा! आणि त्या दिवशी तर अबोलीचे दागिने घरात असणार." त्यावर रेणू म्हणाली, "अहो, पण पाहुण्यांना वाकून नमस्कार कराल ना? शर्ट वर गेला म्हणजे?" खरंच की! कुठल्याही अमेरिकन पुस्तकात हे लिहिलेलं नाही हो! त्या दाढीवाल्यानं कुशीचं सांगितलं, सीटबेल्टचं सांगितलं, पण व्याह्यांच्या पायांना हात लावताना काय करायचं, हे त्याच्या बापानं तरी बघितलंय का?

मग आदल्या दिवशी तालीम! मी शैलेंद्रराव. परीक्षित येतो, वाकतो. "दिसलं!" आत जातो, दुसरं लावतो, येतो, वाकतो. "आई गं!" "काय झालं?" "टोचलं!" पुन्हा आत. आशीर्वाद देऊन देऊन माझा हात दुखायला लागला. शेवटी मीच म्हटलं, अरे, कमरेतून नाही वाकायचं, पाठ सरळ ठेवून गुडघ्यातून खाली जायचं, बघ, असं... आणि मी दाखवायला गेलो... आणि तुम्हाला सांगतो, गेलो तो गेलोच! कमरेत अशी उसण भरली की खाली पूर्ण जाता येईना, वर पूर्ण येता येईना. "बाबा, छान, असंच ना?" अरे, असंच काय, मेलो मी!

रेणू धावत जाऊन मेडिकलमधून कमरेचा पट्टा घेऊन आली. आत पोलादी पट्ट्या घातलेला. करकचून आवळला तेव्हा कुठे मी सरळ उभा राहिलो. पण बसता येईना! आणि त्या पोरीनं, म्हणजे सुनेनं, तेवढ्यात दुसरं काम केलं. पिस्तूल तिजोरीत टाकलं आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये. "बाबांची कमर गेली तेवढी पुरे. उद्या कुणी काही लावणार नाही!" परीक्षित हूं का चूं न करता कबूल झाला. मला तर वाटतं, त्याला मनातून हायसंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी शैलेंद्रराव आले, बरोबर अंकुर आणि अबोली. परीक्षितनं असा झकास वाकून नमस्कार केला, की मी मनात म्हटलं, देव पावला. पण या मुलाच्या तोंडाला कुलूप कोण घालणार? चहा घेता घेता चोरीचा विषय निघाला, तर हा मिशीत हसून म्हणतो, "आमची काळजी नाही, काका. आमच्या घरात आता प्रोटेक्शन आहे. कुठे आहे ते दिसणार नाही तुम्हाला, तीच तर खुबी!" शैलेंद्ररावांनी त्याच्या कमरेकडे बघितलं. सपाट.

बोलणी सुरू झाली. सगळे बसले. मी? मी कसा बसणार? मी दाराशी उभा. एक हात कमरेवर. कळ आली की दात आवळायचे, म्हणून बोलणंही तुटक. ते म्हणतात, "लग्न शिकागोलाच." मी म्हणतो, "बघू." ते म्हणतात, "हॉटेल आमच्या पसंतीचं." मी म्हणतो, "हं." आणि पुन्हा आलं गाडं घोड्यापाशी! "विष्णुपंत, घोडा नाही तर वरात नाही, आणि वरात नाही तर लग्न नाही!" अबोलीच्या डोळ्यांत पाणी. शैलेंद्रराव उठलेच जायला. म्हटलं, गेलं सगळं. पण रीत म्हणून निघताना मी त्यांना मिठी मारली, आणि त्यांचा हात माझ्या कमरेवर पडला... त्या पोलादी पट्टीवर! मिठी तिथेच थिजली. बोटांनी हळूच चाचपलं. वर माझ्या तोंडाकडे बघितलं. नेमकी तेव्हाच कळ आली, मी दात आवळले.

तुम्हाला सांगतो, माणूस परत येऊन बसला! "मी काय म्हणतो, विष्णुपंत... देऊळच बरं. मुलांची इच्छा महत्त्वाची." "आणि घोडा?" आमची रेणू विचारते. "छे छे, घोडा कशाला? अंकुरला ॲलर्जी आहे घोड्याची!" अंकुर बापाकडे बघतच राहिला. पाहुणे किती? तुम्ही म्हणाल तितके! मला वाटलं, माझ्या तोंडावरचं दुःख बघून विरघळला बिचारा. अबोली गळ्यात पडली, "बाबा, यू आर अ रॉकस्टार!" अगं, हळू, कमर!

चार दिवसांनी अंकुरनं अबोलीला सांगितलं, डॅड म्हणतात, तुझे बाबा सायलेंट आहेत पण डेंजरस आहेत. मी फोन केला हो! "शैलेंद्रराव, अहो गैरसमज झाला, तो कमरेचा पट्टा होता!" तर पलीकडून आवाज एकदम हळू, "हो हो, पट्टाच. समजलं. फोनवर कशाला बोलायचं असलं?" पट्टा दाखवायला जातो म्हटलं, तर अबोली आडवी आली, "बाबा, डोन्ट यू डेअर! लग्न होईपर्यंत काढायचा नाही!" म्हणजे उसण कधीच गेली, पण मी आपला देवळात, दुकानात, जेवताना, पोलाद बांधून बसलोय. आणि परीक्षित? त्यानं पिस्तूल बाहेर काढलंच नाही. म्हणतो, नकोच ते, टोचतं! सुखानं दुसऱ्यांदा वाढून घेतो.

आणि आता ही बातमी पसरली, इथल्या मराठी मंडळातली पोरं मला गाठतात. काल राजीवचाच फोन. "काका, मानलं तुम्हाला. एवढे दिवस लावताय, जराही दिसत नाही! मला सांगा ना, होल्स्टर कुठलं घेतलंत?" पट्टा आहे म्हणून शपथेवर सांगितलं, तर हसला. मग मीही नाद सोडला. म्हटलं, मेडिकलच्या दुकानात मिळतं बाबा, गुडघ्याच्या टोप्या ठेवतात ना, त्याच्या शेजारी. एक साइज मोठं घे...

नाहीतर टोचतं.