पाहुना व्हेज का नॉनव्हेज?

हसा लेको, पन त्या दिवशी म्या मरता मरता वाचलो. गावातल्या खानावळवाल्या रहीमभाऊनं जीपनं नाल्यापाशी सोडलं, मी मोहफुलं वेचाले लागलो अन् समोर वाघ! झाडावर चढलो, तं तो खालीच येऊन बसला. बोलाची सोय नाई, म्हनून रहीमभाऊले मेसेज टाकला. जंगलात वाघाचं नाव घेत नाई आपन, पाहुना म्हनतो. तसंच लिवलं, "पाहुना आला, लवकर ये."

त्यानं जीपचे अन् खानावळीचे मेसेज एआय एजंटले सोपवले, हे मले का मालूम! उत्तर आलं, "स्वागत! पाहुणे किती? व्हेज की नॉनव्हेज?"

म्या लिवलं, "एकटाच हाय. नॉनव्हेज."

"बसण्याची सोय करायची का?"

"तो बसला हाय बे! ताट झाडावर हाय!"

"नोंद केली. पाहुण्यांना वर पाठवू का?"

नशीब, तेवढ्यात रहीमभाऊनं स्वतः फोन पाह्यला. हॉर्न दाबतच जीप आनली, तसा वाघ पळाला.

"उतर गा काका, गेला तो."

म्या फांदीले आखीनच घट्ट धरलं. "आधी तुह्या मशीनले सांग, ऑर्डर कॅन्सल!"