आडव्या तिच्या, उभ्या माझ्या

—नाही नाही, चहा राहू द्या बाजूला, आधी हे कात्रण बघा. पेन्सिल घ्या. ती खाली गाडी लावतेय ना? मग वेळ आहे, आमच्या बाईसाहेबांना गाडी लावायला नेहमीच वेळ लागतो—तर हा सात. सगळा घोळ या सातचा. सुडोकू येतं ना तुम्हाला? थोडंफार? माझी मुलगी मागायला आलात आणि थोडंफार! असू द्या, गंमत केली. बसा हो, उठताय काय—येरझाऱ्या मी घालतोय, तुम्ही बसा.

बघा, या दुसऱ्या ओळीत सात बसायला दोनच घरं उरलीत. इथे आठव्या ओळीतही दोनच—आणि तीही नेमकी त्याच दोन उभ्या रकान्यांत. चार कोपरे झाले. याला म्हणतात मासा. का मासा? मला काय ठाऊक, कुणा भुकेल्या माणसाने नाव ठेवलं असेल. दोन ओळींचा एक्स-विंग, तीन ओळींचा स्वॉर्डफिश—सात कुठे आहे ते मासा सांगत नाही बरं का. पण त्या दोन रकान्यांत बाकी कुठेच नाही, हे छातीठोकपणे सांगतो. मग काय, तिथल्या घरांत शक्यता म्हणून बारीक लिहून ठेवलेले बाकीचे सात खोडायचे. खोडरबर हे माझं खातं. आडव्या ओळी ती बघते, उभ्या मी—तिची आई गेली तेव्हापासून, रोज सकाळी, याच टेबलावर. "बाबा, दोनमध्ये आणि आठमध्ये," एवढंच म्हणते, की मी खोडायला लागतो. मला आडवं काही दिसतच नाही हो. म्हणजे—दिसतं. न दिसायला काय झालं? हे कोडं मी एकट्याने सोडवलंय, ती मागच्या आठवड्यात तुमच्याकडे आली होती ना, तेव्हा. सोडवत आणलंय म्हणू. जरा अडलंय.

तिने तुम्हाला अजून होकार दिलेला नाही, माहितेय मला. का नाही? माझ्यामुळे. "बाबांचं कसं होईल"—माझ्यापुढे बोलत नाही, पण मैत्रिणीशी फोनवर बोलताना आवाज खाली ठेवायचं विसरते. म्हणून म्हटलं, आज हे पूर्ण करून तिच्यासमोर ठेवायचं—बघ, तुझ्यावाचून माझं काही अडत नाही. खुशाल जा. तेवढं शेवटचं तुम्ही जरा—

काय? बोट कुठे ठेवलंत? आठवी ओळ... या घरात? इथेही सात बसतो? कसा बसेल, मी स्वतः—थांबा, चष्मा. अरे. बसतो की. म्हणजे दोन नाही, तीन घरं. म्हणजे मासा नव्हताच. आणि मी आठवडाभर नको ते सात खोडत बसलोय.

हसू नका. नाही, हसत नाही आहात—तेच वाईट.

लिफ्ट वाजली. द्या, द्या ते इकडे, खिशात टाकतो. आणि ऐका, यातलं एक अक्षर तिला कळता कामा नये. कळलं तर ती तुमच्याबरोबर येणार नाही, आणि मग मी तुम्हाला जन्मात माफ करणार नाही. विचारलंच तर सांगा, म्हातारा उगाच डोकं खात होता. जा, दार तुम्ही उघडा. माझं तोंड बघितलं की तिला लगेच कळतं. जा म्हणतो ना.