चिरेखोलला कंपनी आणतो म्हटलं...

...आणि वर मलाच विचारतात, 'जयवंतराव, तुम्ही आम्हाला फसवलंत?' मी? फसवलं? तुम्हीच सांगा, पोरगा दहिसरला जन्मलेला असू दे नाहीतर वाकोल्याला, त्याला 'गाव कुठलं' विचारलं की काय सांगतो? दहिसर सांगतो? नाही ना! सांगतो चिरेखोल, जिल्हा सिंधुदुर्ग! मग मी म्हटलं सगळे गावचेच, तर खोटं बोललो का? अजिबात नाही!

तुम्हाला सांगतो, यात माझा स्वार्थ एवढाच. रिटायर झालो, म्हटलं आता गावच्या घरी जाऊन राहायचं, पडवीत बसून सुपारी कातरायची, बस! पण आमची सुलक्षणा! 'सिद्धेशला सोडून मी यायची नाही. पोराला गावात आयटीचा पगार मिळवून द्या, दुसऱ्या दिवशी बॅग भरते!' आता चिरेखोलात आहे काय? चिऱ्याची खाण, काजू आणि आंबा. खाणीत आयटीवाला काय करणार, चिऱ्याला पासवर्ड देणार?

म्हणून आमच्या मुंबईकर ग्रामस्थ मंडळात विषय मांडला, अंधेरीची एक कंपनी खेड्यात ऑफिस काढायला जागा शोधत होती तिच्या मागे हात धुऊन लागलो, आणि त्यांच्या गंधाली मॅडमना गाव बघायला बोलावलं. कधी? गणपतीत! हसताय काय... अहो, कोकणातला माणूस पाहुण्याला दुसरं कधी बोलावणार?

मॅडम गाडीतून उतरल्या आणि बघतच राहिल्या! घरोघरी माणसं, पडव्या भरलेल्या, जिकडे बघावं तिकडे तरणीताठी पोरं! 'हा?' 'इंजिनियर.' 'ती?' 'एमबीए.' 'आणि तो झांज वाजवणारा?' 'डेटा सायंटिस्ट, मॅडम, आवाजपण झकास आहे!' 'सगळे इथलेच?' 'सगळे गावचेच हो!' खोटं बोललो का? मग शाळेची इमारत दाखवली. 'इतकी सुंदर इमारत रिकामी कशी?' आता पोरंच उरली नाहीत म्हणून शाळा बंद पडली, हे सणासुदीला कोण सांगतं? म्हटलं, 'तुमच्यासाठीच ठेवलीय!'

मग देवळात गाऱ्हाणं! माझा चुलतभाऊ राजाराम, बारा महिने गावात राहणारा, आमच्या घरावर लक्षपण तोच ठेवतो, हात जोडून सुरू झाला, 'बा देवा म्हाराजा, आज ही गंधाली बाय तुझ्या दारात कंपनी घेवन इली हा, तिच्या कंप्युटराक, वायफायक कोणाची वाकडी नजर लागली आसात तर ती दूर कर रे म्हाराजा!' सगळं देऊळ ओरडलं, 'होय म्हाराजा!' मॅडमपण ओरडल्या, जरा उशिरा, पण मनापासून! मी तर हवेतच!

तिथल्या तिथे इंटरव्ह्यू, तिथल्या तिथे सिलेक्शन, त्यात आमचा सिद्धेश, आणि राजारामची अक्षता, कुडाळला शिकलेली! पगाराचा आकडा ऐकून सुलक्षणाला ठसका लागला, आणि मी मनातल्या मनात दहिसरच्या फ्लॅटला भाडेकरू बघायला लागलो!

दिवाळीनंतर उद्घाटन. शाळेत एसी, फिरत्या खुर्च्या, मॅडम ओवाळायचं तबक घेऊन दारात... आणि समोर कोण? एकटी अक्षता! 'जयवंतराव, गाव कुठे गेलं?' अहो, गाव कुठे जाणार? कामाला गेलं! अंधेरीला, मुलुंडला, घाटकोपरला! फोन लावले. 'काका, जॉब एक नंबर आहे यार, पण तिथे राहायचं?' 'मग कुठे राहणार? तुझंच गाव ना रे?' 'हो काका, गाव माझंच, पण पाच दिवसांचं!' आणि माझा सिद्धेश? सख्खा मुलगा? 'पप्पा, मला वाटलं दहिसरला बसूनच काम करायचंय!' तरी मी मॅडमना शेवटपर्यंत सांगत होतो, सगळे गावचेच हो... त्या ऐकायच्या मनःस्थितीत नव्हत्या.

त्यांनी सगळ्यांचे पत्ते मागवले, आणि एक दिवस फोन, 'जयवंतराव, तुमच्या गावची मुलं फारच हुशार. म्हणून ऑफिस आम्ही दहिसर चेकनाक्याजवळच्या नव्या टॉवरमध्ये हलवतोय.' लागली ना वाट!

सुलक्षणा आनंदाने वेडी! 'पोरगा चालत ऑफिसला जातो, दुपारी घरी येऊन गरम जेवतो, आता कशाला हो गाव नि बिव!' आणि अक्षता? एवढा पगार कोण सोडतं? तीपण आली, आमच्याकडेच राहते. गुणी पोर आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही... पण वाईट वाटतं हो. गावात नोकऱ्या आणायला निघालो, आणि गावात एक शिकलेली पोरगी उरली होती, तीपण मीच उचलून आणली!

परवा बेल वाजली. दारात राजाराम आणि वहिनी, सोबत ट्रंक. 'जयवंता, आमचा चेडू अक्षता हंय, मगे आमी थंय ऱ्हवान काय करतलंव?' मी आपला बघतोय... तर त्याने खिशातून चाव्या काढल्या, त्याच्या घराच्या आणि आमच्या घराच्या, माझ्या हातावर ठेवल्या, आणि एवढ्या प्रेमाने म्हणाला, एवढ्या प्रेमाने...

'तुका गावाक ऱ्हवाचा होता मां? आता खुशाल जावन ऱ्हव. थंय तुका तरास देवक कोण्णाच नाय!'