न मिटलेले छत

लेक माहेरी येईपर्यंत लग्नाचा मांडव न उतरवणाऱ्या बापाची कथा मला खानदेशात दोन तऱ्हांनी मिळाली. यावलकडच्या पाठात लेक येते आणि मांडव उतरतो. जामनेरकडच्या पाठात ती येतच नाही, मांडवावर वेल चढतो. तिसरा पाठ मी धुळ्यात, शेजारच्या नानांकडे चहा पिता पिता प्रत्यक्ष पाहिला.

नानांच्या ओट्यावर त्यांच्या लेकीने हँडलने उघडता-मिटता येणारे कापडी छत बसवून दिले होते. पहिल्या दिवशी तिनेच ते उघडले. महिन्याभरात ती आजारपणात गेली. छत तेव्हापासून उघडेच होते.

सर्व्हिसिंगला आलेल्या मेकॅनिकला यातले काही ठाऊक नव्हते. तो वैतागला. "नाना, रोज संध्याकाळी मिटायचं सांगितलं होतं ना? दांडे वाकले, कापड विरलं. लग्नाचा मांडव आहे का हा?"

"तुना बापनं कापड शे का?" नाना उसळले.

"वाऱ्यात फाटलं की मलाच फोन कराल! आणा ते हँडल."

नानांनी हँडल पाठीमागे धरले. "मनी पोरनी सोता उघडेल शे, भाऊ. ती गयी. मी कसं मिटू?"

 मेकॅनिकने पिशवीतून दोर काढून छताची दोन्ही टोके खांबांना आवळून बांधली आणि सर्व्हिसिंग न करताच निघून गेला.

आठ दिवसांनी वादळात कापड मधोमध फाटले. सकाळी नानांनी उरलेल्या पट्ट्याच्या सावलीत खुर्ची सरकवली आणि ते तिथे बसले.