पऱ्हे लिवाचे राहिले

नाही, तुमीच सांगा ना जी, बोर्डावर हातभर मोठ्या अक्षरात लिवलं हाये का नाही... 'जड वाहनांस बंदी, शेतीची वाहने वगळून'! वगळून म्हन्जे कोन? मीच ना! सातबारा माह्या नावानं, ट्रक माहा, बांध्या, म्हन्जे धानाची वावरं, माह्या, अन् भर रोवनीच्या दिवशी नाक्यावर अडकला कोन? तोबी मीच! वरून जो भेटे तो म्हने, 'इश्वरभाऊ, तुमाले कायची फिकर, शेतकऱ्याले सूट हाये!' हाये ना सूट. कशी हाये ते आयका.

तुमाले सांगतो, लाखनीच्या हायवेचा फेरा वाचवाले वाळूचे ट्रक आमच्या गावात घुसत. घरातली भांडी फळीवरून खाली पडे, शाळेची भिंत तडकली, लक्ष्मणरावच्या म्हशीनं भेवानं पान्हा चोरला! तं रस्त्यावर आडवं कोन पडलं? मी पडलो! दोन घंटे उनात, पाठ भाजली. जानेवारीच्या ग्रामसभेत टेबल ठोकून 'चोवीस तास बंदी पायजे' कोन म्हनलं? मीच. 'शेतकऱ्याले सूट पायजे', तेबी मीच. मंग आमाले समजलं का हे वाळूवाले वरून तनस, म्हन्जे धानाचा पेंढा, पसरवते, खाली वाळू भरते अन् म्हनते आमीबी शेतकरी! तवा मीच म्हनलो, यादी करा, यादीत हाये तोच माल जाईन, बाकी एक काडी जानार नाही. अन् रस्त्यावर दांडा टाकून नाका करा, नाक्यावर मानूस असा बसवा का सख्ख्या भावालेबी सोडनार नाही. असा मानूस गावात एकच, माही मनकर्णाकाकू! चाळीस वर्षांत काकाले पाय धुतल्याबिगर घरात घेतलं नाही बाईनं. नाव मीच सुचवलं. टाळ्या वाजल्या जी!

आता रोवनीचा दिवस. पऱ्हे, म्हन्जे धानाची रोपं, टाकली होती घरामागं बोरच्या पान्यावर, अन् रोवाच्या बांध्या नाक्याच्या पल्याड, गावाच्या त्या अंगाले. पऱ्हे एकदा उपटले का चिखलात लवकर गेले पायजे, नाही तं पिवळे पडते. पहाटंपासून उपटले, पेंड्या बांधल्या, ट्रक भरला. तिकडं शकुनबाई बारा बाया घेऊन बांधीत उभी, अन् फोनावर फोन... 'इश्वरभाऊ, येता का नाही? नाही तं आमी चाललो भूपेंद्रच्या बांधीत, मंग आठ दिवस आमचं नाव नका घेऊ!' रोवनीत बाया गेल्या म्हन्जे हंगाम गेला, समजून घ्या!

नाक्यावर काकू. नाकावर चष्मा, हातात यादी.

'काय हाये गाडीत?'

'पऱ्हे हायेत काकू, दिसून नाही राहिले का?'

यादीवर बोट फिरवलं, वरून खाली, खालून वर... 'धान हाये, तनस हाये, खत हाये, अवजारं हायेत. पऱ्हे नाहीत.'

'अवं काकू, पऱ्ह्याचंच तं धान होते!'

'मंग धान झालं का आन. कार्तिकात.'

'अशी अर्धवट यादी केली कोनं?'

'तूच बाप्पा. सही तुहीच हाये.'

घ्या! आपलेच दात अन् आपलेच ओठ! जानेवारीत सारीकडं धानाचे पोते अन् तनशीचे ढीग, तवा पऱ्हे कोनाच्या ध्यानात येईन? हिवाळ्यात बसून पावसाळ्याची सूट लिवली आमी! सरपंचाले फोन केला, तं तो सानगडीच्या बजारात, म्हने 'पंधरा ऑगस्टच्या सभेत घेऊ पऱ्हे.' लाखनीकडून फेरा मारावं, तं नाल्यावरचा रपटा, तो ठेंगना पूल, पावसाळाभर पान्याखाली. अन् पेंड्या माह्या डोळ्यादेखत माना टाकून राहिल्या... पन शेतकऱ्याले सूट हाये, बरं का!

मंग डोकं चालवलं. अवजारं हायेत ना यादीत? लक्ष्मणरावचा नांगर आनला, पेंड्याइवर ठेवला. काकू, साठ वर्षांची बाई, चढली ना जी ट्रकवर! पाहिलं, उतरली. 'नांगर जाऊ दे. पऱ्हे उतरव.'

तेवढ्यात शकुनबाई बारा बाया घेऊन तरातरा आली. मी म्हनलो, आता बाई मले शिव्या देईन अन् भूपेंद्रकडं चालली जाईन. तं ती काकूले विचारते, 'काकू, पायी चालनाऱ्याले बंदी हाये का?' काकू म्हने, 'त्यायले कायची बंदी?' झालं! बायाइनं पदर खोचले, पेंड्या डोक्यावर घेतल्या, अन् चालल्या गाने म्हनत. पाच फेऱ्या! अन् मांगून माहा ट्रक, पहिल्या गियरमधी, आत एकटा नांगर बसला नवरदेवावानी. सारा गाव ओट्यावर, अन् भूपेंद्र मोबाईलवर शूटिंग करून राहिला!

पन खरं सांगू? सांजेपर्यंत सारे पऱ्हे लागले. बांधी हिरवी झाली, तं माह्या डोळ्यात पानी आलं. शकुनबाईचे पाय धराव वाटे.

परत निंघालो, तं काकूनं दांडा पाडला. 'रिकामा ट्रक यादीत नाही.' नांगर लक्ष्मणरावनं बांधीतूनच नेला, त्याची चिखलनी होती. दुसरं अवजार मांगाव, तं भर रोवनीत देते कोन? खत टाकाव, तं दुकानात खत नाही. तनस हाये, पन ते घरी, दांड्याच्या ह्या अंगाले! काकूनं मायेनं चहा पाजला अन् म्हने, 'तू पायी जाय पोरा, पायी चालनाऱ्याले बंदी नाही.'

पंधरा ऑगस्टले सभा झाली, पऱ्हे यादीत आले... रोवनी सरल्यावर! मी उठलो, म्हनलो, रिकाम्या ट्रकाचंबी लिवा. तं काकूच उठली, 'वाळूवाले येते तं रिकामेच येते ना?' टाळ्या वाजल्या जी! मीबी वाजवल्या, काय करता, बरोबर बोलली बाई.

ट्रक तिकडंच हाये, निंबाखाली. टपावर कोंबड्या बसते. कार्तिकात धान निंघन, चार पोते टाकीन अन् मानानं घरी आनीन... शेतकऱ्याले सूट हाये ना!