पद्माचे परग्रहवासी

हसू नका, पण मी सध्या काल्पनिक जीवांवर जळते आहे. पुण्याच्या एका मासिकाची विज्ञानकथा स्पर्धा होती. मी तीन महिने राबून चार हृदयांचे, मिथेनवर जगणारे परग्रहवासी घडवले. तिरुविडैमरुदूरची माझी आतेबहीण पद्मा चार दिवस कुंभकोणमला आमच्याकडे राहिली, तिनं कथा पाठवली आणि पहिलं बक्षीस घेऊन मोकळी झाली! परीक्षक म्हणे, इतके खरे वाटणारे परग्रहवासी आजवर वाचले नव्हते.

मी कथा वाचली. तिचे जीव पेल्याला ओठ लावत नाहीत, वरून धार घशात सोडतात. कुणीही आलं की ‘जेवलीस का?’ विचारतात आणि उत्तर न ऐकताच केळीचं पान मांडतात. अहो, हे तर आमचे काका!

मी तणतणत त्यांच्याकडे गेले. “काका, पद्मानं तुम्हाला उचलून कथेत घातलंय!”

काकांनी कॉफीची उंच धार घशात सोडली. “ठाऊक आहे गे. चार दिवस समोर बसून विचारत होती. तुलाही हाक मारली होती मी.”

“मग? मी काय म्हटलं?”

“म्हणालीस, ‘मध्ये बोलू नका, मी दुसऱ्या ग्रहावर आहे.’”